सातवं वचन बहिणीला, आठवं कुणाला?

या खेपेच्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं आहे: ‘देव न्याय करील, तू गप्प राहा.’ कुणाला पाळकसाहेबांनी सांगितलं, कुणाला जावेने, कुणाला मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, ज्येष्ठांनी. सांगणाऱ्यांपैकी एकाचंही काही गेलेलं नाही, हे मला पत्रं वाचताना जाणवत राहिलं.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. मी पाळक नाही आणि ईश्वरविज्ञानाची पदवीही माझ्याकडे नाही. इंदूरच्या न्यायालयात रीडर होते. साहेबांच्या खालच्या टेबलाशी बसून फायली पुढे सरकवायच्या आणि पुढच्या पेशीची (सुनावणीची) तारीख लिहायची, यात नोकरी गेली. शास्त्र, म्हणजे बायबल, लहानपणापासून वाचते. या दोन्हींच्या आधाराने उत्तरं देते. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न: ताई, सप्रेम सलाम. माझ्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या बाईने गेल्या महिन्यात न सांगता सहा दिवस खाडे केले. मी तेवढे पैसे कापले. पगार घेताना ती म्हणाली, ‘भगवान देख रहा है, दीदी.’ तेव्हापासून मनाला चैन नाही. मी बँकेत नोकरी करते, दशमांश नियमाने देते, उपासना चुकवत नाही. असं कुणी बोललं तर ते लागतं का? पाळकसाहेबांकडून प्रार्थना करून घ्यावी का?
– एक भगिनी, विजयनगर

उत्तर: प्रार्थना अवश्य करून घ्या. पण आधी कापलेले पैसे द्या.

ती जे बोलली त्याला तुम्ही शाप समजलात. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा २४ वा अध्याय काढा, १४ वं आणि १५ वं वचन. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे. तो तुझ्या जातभाईंपैकी असो की परका असो. त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो. नाहीतर तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराकडे गाऱ्हाणं नेईल आणि ते पाप तुझ्या माथी येईल. तुमच्या बाईने शास्त्र उघडूनही पाहिलं नसेल, पण बोलली ती नेमकं हेच. याकोबाचं पत्र तर आणखी पुढे जातं. त्याच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि कापणी करणाऱ्यांची आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी जाते.

सहा दिवस ती का आली नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलं होतं का? तुम्हाला ताप आला की तुम्ही रजा टाकता आणि महिनाअखेर पगार पुरा जमा होतो. तिच्या घरी कुणी आजारी पडलं तर तिच्याजवळ टाकायला रजाच नाही. बहुतेक घरांतल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि खाड्याच्या तारखेभोवती निळ्या पेनाने गोल काढलेला असतो. नाताळात पाहुण्यांची ताटं तिने रात्री उशिरापर्यंत घासली, त्या तारखेभोवती मात्र गोल नसतो. हिशोब एकाच बाजूने लिहिला की कापणं नेहमीच ‘ठरल्याप्रमाणे’ वाटतं.

दशमांशाचं म्हणाल तर मत्तयाच्या २३ व्या अध्यायात येशू ज्यांच्यावर कडाडला, ते दशमांशात अगदी काटेकोर होते. पुदिना, शेप, जिरे यांचासुद्धा दहावा हिस्सा मोजून देत. न्याय, दया आणि विश्वास या भारी गोष्टी त्यांनी सोडल्या होत्या, ही त्याची तक्रार होती. तुमच्या दशमांशातला काही भाग या महिन्यात तिच्या पगारातून आला आहे, एवढं ध्यानात घ्या.

प्रश्न: ताई, आमचे बाबा मृत्युपत्र न करता गेले. आई त्यांच्या आधीच वारली होती. आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. बाबांची स्मरण-उपासना झाली आणि थोड्याच दिवसांत भावाने आम्हा दोघींपुढे एक कागद ठेवला. धाकटीने सही केली, मी केली नाही. पुढे कळलं की नगर निगमात घराचं नामांतरण त्याच्या एकट्याच्या नावे झालं. मी विषय काढला तर मंडळीत मीच लोभी ठरले. पाळकसाहेबांनी करिंथकरांस पहिलं पत्र उघडून दाखवलं की भावाविरुद्ध कोर्टात जाण्यापेक्षा अन्याय सोसावा. मी शिवणकाम करते, भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. सोसणं हीच देवाची इच्छा आहे का?
– एक बहीण, परदेशीपुरा

उत्तर: पाळकसाहेबांनी दाखवलेला सहावा अध्याय आपण पहिल्या वचनापासून वाचू.

सातव्या वचनात पौल विचारतो, तुम्ही त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? तुम्ही नाडले का जात नाही? तुम्हाला दाखवलं ते हे. याच्या लगेच खाली आठवं वचन आहे: उलट तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच नाडता, आणि तेही आपल्या भावांना! हे वचन तुमच्या भावाला कुणी वाचून दाखवलं का? पत्र करिंथच्या अख्ख्या मंडळीला लिहिलेलं होतं. घर जिच्या हातून गेलं तिच्यासाठी एक वचन काढायचं आणि घर ज्याने घेतलं त्याच्यासमोर पुस्तक मिटायचं, याला उपदेश म्हणत नाहीत.

पाचवं वचन तर थेट मंडळीच्या अंगावर येतं. भावाभावांमधला निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? म्हणजे ‘कोर्टात जाऊ नका’ असं सांगणाऱ्यावर आधी एक काम येऊन पडतं. भावाला बोलवायचं, दोन-तीन वडील माणसं बसवायची, रजिस्ट्रीचे कागद मागवायचे आणि निवाडा द्यायचा. आपल्याकडे हॉलच्या पंख्यांसाठी समिती असते, सहलीच्या बसगाडीसाठी समिती असते. बहिणीच्या वाट्यासाठी समिती बसलेली मी अजून पाहिलेली नाही. पाळकसाहेबांना लेखी विनंती करा की पाचव्या वचनाप्रमाणे बैठक लावा. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, पोच घ्या. बैठक लागली तर उत्तमच. नाही लागली, तर सातवं वचन तुमच्यावर लादण्याचा हक्क त्यांनी स्वतःच सोडला असं मी मानीन.

आता कायद्याचं. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नाही, बाबांच्या मागे आई नाही, तर मुलगा आणि मुली यांचे वाटे सारखे. तुम्ही तिघं, म्हणजे प्रत्येकाला एक तृतीयांश. तुमच्या लग्नात किती खर्च झाला किंवा म्हातारपणी बाबांना कुणी सांभाळलं, याने वाटा बदलत नाही. नामांतरण भावाच्या नावे झालं म्हणून घर त्याचं झालं नाही. निगमाची ती नोंद कर वसूल करण्यासाठी असते, त्याने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. धाकटीचा कागदही वकिलाला दाखवा. स्थावरातला हक्कत्याग नोंदणीकृत असावा लागतो. घरच्या घरी कागदावर घेतलेल्या सहीने तिचा वाटा संपला असं समजू नका.

केरळात मेरी रॉय या बाईंनी हीच लढाई लढली. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळायचं. ‘जे कमी असेल ते’ हे शब्द जरा पुन्हा वाचा. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तिथल्या ख्रिस्ती मुलींनाही १९२५ चाच कायदा लागू आहे. बाईंना त्यांच्याच समाजातून बोल लावणारे कमी नव्हते.

आणि शास्त्रात मुली गप्प बसल्या असं कुणी म्हटलं तर गणनेचा २७ वा अध्याय दाखवा. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दारात उभ्या राहिल्या. समोर मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी. आमच्या बापाचं नाव का नाहीसं व्हावं, आम्हाला वतन द्या, असं त्यांनी तोंडावर मागितलं. मोशेने त्यांना सोसायला सांगितलं नाही. त्याने प्रकरण परमेश्वरापुढे नेलं आणि परमेश्वर म्हणाला, या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. त्यांना भाऊ नव्हता, असा युक्तिवाद होईल, आणि तो खराही आहे. मग ईयोबाचा शेवटचा अध्याय उघडा. ईयोबाला सात मुलगे होते, तरी त्याने आपल्या तिन्ही मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं.

एक बाजू मात्र तुमचीही तपासावी लागेल. लूकच्या १२ व्या अध्यायात एकजण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांग. येशू म्हणतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि लगेच लोभापासून सावध करतो. हा उतारा तुम्हाला ऐकवला जाईलच, म्हणून आधीच सांगते. त्यापुढचा दृष्टांत मोठमोठी कोठारं बांधणाऱ्याचा आहे. मूर्ख ठरतो तो साठवणारा. तरीही कोर्टाची पायरी चढण्याआधी मनाला विचारा की हवं काय आहे, वाटा की भावाची फजिती? वाटा हवा असेल तर मागा. फजिती हवी असेल तर चार दिवस थांबा.

क्षमा तुम्ही आजसुद्धा करू शकता. क्षमेला स्टँप पेपर लागत नाही. पण हक्कत्याग म्हणजे क्षमा नव्हे, आणि क्षमा मागताना कुणी हक्कत्यागाचा कागद पुढे करत असेल तर त्याला क्षमा नको आहे, घर हवं आहे. मंडळीत बैठक लागली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथे वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. लोक अदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते. आणि धाकटीला बरोबर घ्या. सही करताना तिला काय सांगितलं होतं, ते तिला अजून आठवत असेल.

प्रश्न: मी पीथमपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. काम मी करतो, बढती मालकाच्या भाच्याला मिळाली. तो माल विकून खातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या घरी सुबत्ता, माझ्या घरी हप्ते. देव अशांचं भलं का होऊ देतो? आणि न्याय करायचाच आहे तर उशीर का?
– एक तरुण वाचक, महू

उत्तर: का, ते मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं ते म्हणतात, त्यांच्यापासून जरा लांबच राहा.

तुमचा प्रश्न जुना आहे. ७३ व्या स्तोत्रात आसाफ कबूल करतो की दुष्टांची भरभराट पाहून मला हेवा वाटला. मी आपलं मन उगाच शुद्ध ठेवलं, असंही वाटून गेलं. हबक्कूक संदेष्टा तर पहिल्याच अध्यायात देवाला खडसावतो: मी किती काळ ओरडू? कायदा लुळा पडला आहे, न्याय कधी बाहेर येत नाही. माझ्या टेबलासमोर उभे राहणारे पक्षकार नेमकं हेच म्हणायचे, फक्त हिंदीत. मला आवडतं ते असं की हे ओरडणं शास्त्रातून कुणी खोडून टाकलं नाही. ते प्रार्थना म्हणूनच छापलं जातं.

उशिराबद्दल मात्र देवाला आणि माणसाला एका मापाने मोजू नका. आपल्याच गावचं बघा. हुकूमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी राहिली, मिल अवसायनात (मालमत्ता विकून देणी फेडण्याच्या प्रक्रियेत) गेली, खटले चालत राहिले. २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, सुमारे २२४ कोटींचा धनादेश देण्यात आला आणि ४,८०० कामगारांच्या देण्यांचा मार्ग मोकळा झाला. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. कितीतरी कामगार तोवर गेले होते. त्यांच्या वाट्यासाठी वारस उभे राहिले. याला कुणी ‘देवाच्या घरी देर है, अंधेर नहीं’ म्हटलं की मला राग येतो. तो उशीर आभाळातून पडलेला नव्हता. कागदांवर, टेबलांवर, सह्यांसाठी अडलेला तो माणसांचा उशीर होता. न्यायालयात बसून मी तसला उशीर रोज तारखा घालून लिहिला आहे.

मात्र ते कामगार दर आठवड्याला जमत राहिले, मागणी सोडली नाही, हेही याच गावाने पाहिलं. लूकच्या १८ व्या अध्यायातली विधवा तशीच. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही, आणि ही बाई रोज दारात उभी. येशूने हा दृष्टांत नेहमी प्रार्थना करावी, खचू नये म्हणून सांगितला आणि प्रार्थनेचा नमुना म्हणून दाखवली ती पिच्छा न सोडणारी फिर्यादी. देव त्या न्यायाधीशासारखा आहे असं तिथे म्हटलेलं नाही. असल्या न्यायाधीशालाही जर पाझर फुटतो, तर देव आपल्या निवडलेल्यांचं का ऐकणार नाही, असं म्हटलं आहे.

तुमच्यासाठी व्यवहाराचं एकच. माल विकला जातो हे ‘सगळ्यांना ठाऊक’ असून कुणी लिहून देत नसेल, तर उद्या तूट निघाली की तुमच्या शिफ्टच्या रजिस्टरवर तुमची सही आहे. आवक-जावक स्वतः तपासल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न: ताई, एबी रोडवर गाडीने आमच्या स्कूटरला धडक दिली. माझे यजमान चौथ्या दिवशी गेले. मी मागे बसले होते, म्हणून साक्षीदार मीच. गाडी चालवणारा मुलगा बावीस वर्षांचा, गरीब घरचा, दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. त्याची आई येऊन माझ्या पायाशी बसली. आता माझ्या साक्षीची पेशी लागली आहे. मंडळीतले काहीजण म्हणतात, येशूने वधस्तंभावरून क्षमा केली, तुम्हीही राजीनामा (आपसांत तडजोड) करून टाका; एवढंच म्हणा की गाडी कोण चालवत होतं ते दिसलं नाही. मला त्या पोरावर राग उरलेला नाही. मी काय करू?
– एक भगिनी, छावणी

उत्तर: राग उरलेला नाही, हे तुम्ही सहज लिहून गेलात. ते पुष्कळांना जन्मभर साधत नाही.

पण ‘दिसलं नाही’ म्हणू नका. तुम्हाला दिसलं होतं. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा सीनायच्या पाटीवर कोरलेली आहे आणि तिच्याखाली ‘दयेचे प्रसंग सोडून’ अशी तळटीप नाही. उलट लेवीय १९:१५ मध्ये नेमका तुमचा प्रसंग आहे. न्यायात गरिबाला झुकतं माप देऊ नको आणि बड्याचं तोंड राखू नको. बड्याचं तोंड राखू नये हे आपल्याला सहज पटतं. गरिबाविषयीचं वाचताना अडखळायला होतं, मलाही होतं. पण विचार करा, गाडी दुसऱ्याची आहे. ड्रायव्हरच ठरला नाही तर मालकही सुटतो.

साक्षीदार उलटतो तेव्हा काय होतं ते मी टेबलाशी बसून पाहिलं आहे. सरकारी वकील उठून साक्षीदार फितूर झाल्याचं सांगतात, उलटतपासाची परवानगी मागतात. साहेब चष्म्यावरून एकदा बघतात. टंकलेखक एक ओळ टाइप करतो. साक्षीदार पिंजऱ्याच्या कठड्यावर बोटं घासत खाली बघत उभा राहतो आणि त्याचाच आधीचा पोलिसांपुढचा जबाब त्याला परिच्छेद-परिच्छेद वाचून दाखवला जातो. प्रत्येक परिच्छेदानंतर त्याला म्हणावं लागतं, मी असं सांगितलं नव्हतं. तुमच्या जबाबात तुमच्या यजमानांचे शेवटचे क्षण आहेत. ते असे एकेक करून तुम्हाला नाकारायला लावतील. याला क्षमा म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे येऊन बसावं.

आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा राजीनाम्याने मिटणाऱ्यांतला नाहीच. म्हणूनच तर तुमच्याकडे राजीनामा मागत नाहीत, खोटं मागत आहेत.

येशूचे शब्दही नीट बघू या. हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात ते त्यांना समजत नाही. काही घडलंच नाही, मला खिळे कुणी ठोकले ते दिसलं नाही, असं तो म्हणाला नाही. क्षमा करायला आधी झालेली गोष्ट झाली म्हणावी लागते.

आपल्याच भागातलं एक उदाहरण आहे. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळी संत आणि ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) या वाटेला फारसे जात नाही, पण सिस्टर राणी मारिया यांच्याबद्दल मी आदरानेच लिहीन. देवास जिल्ह्यात उदयनगरच्या बाजूला त्या गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी न जाता बँकेचं कर्ज कसं मिळवायचं ते शिकवत. सावकारांच्या पोटावर पाय आला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्यावर खटला चालला, जन्मठेप झाली. पुढे राणी मारिया यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेला संमती दिली आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात राणी मारिया यांना धन्य घोषित केलं गेलं तेव्हा तोही हजर होता. इतकी मोठी क्षमा करायला त्या कुटुंबातल्या कुणालाही ‘आमच्या बहिणीला कुणी मारलंच नाही’ असं म्हणावं लागलं नाही. कोर्टाने कोर्टाचं काम केलं, त्यांनी त्यांचं.

आणि आडा बाजारची गोष्ट तर इंदूरकरांना सांगायला नकोच. ती इतिहास नव्हे, लोकांच्या तोंडची कथा आहे, पण गाव कशाला न्याय म्हणतं ते तिच्यात दिसतं. मालेरावांच्या रथाखाली वासरू मेलं. अहिल्याबाईंनी मुलाला तीच शिक्षा फर्मावली, रथ हाकायला कुणी धजेना तेव्हा स्वतः रथात बसल्या, आणि वासराची आई, ती गायच, आडवी येऊन उभी राहिली. लोक गाईचं कौतुक करतात. माझं लक्ष मात्र रथाकडे जातं. अहिल्याबाई रथात बसल्याच नसत्या तर गाईला आडवं यायला काही उरलंच नसतं.

तेव्हा तुम्ही साक्षीत खरं सांगा, जेवढं पाहिलं तेवढंच. वेग किती होता हे माहीत नसेल तर अंदाजही सांगू नका. शिक्षेची वेळ आली तर सरकारी वकिलांमार्फत कोर्टाला कळवा की माझ्या मनात वैर नाही, या मुलाचं वय आणि घर पाहावं. मानायचं की नाही ते न्यायाधीश ठरवतील, पण तुमचं म्हणणं फायलीत राहील. त्याच्या आईला भेटावंसं वाटलं तर भेटा. साक्षीच्या आधी मात्र नको. त्या भेटीचा अर्थ दोन्हीकडून लावला जाईल.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज केला नसेल तर आधी तो करा. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. गाडीचा विमा असेल तर पैसे विमा कंपनी देते, त्या पोराच्या खिशातून जात नाहीत. नवऱ्याच्या जिवाचे पैसे कसे घ्यायचे, म्हणून काही बायका अर्ज करत नाहीत. तो जिवाचा भाव नाही. जी कमाई घरात येणार होती तिचा तो हिशोब आहे, आणि मुलांची फी त्यातूनच जायची होती.

प्रश्न: जेल रोडवरच्या एका दुकानातून घेतलेला इन्व्हर्टर महिन्यात बंद पडला. दुकानदार दाद देत नाही. तक्रार करणार होतो, पण बायको म्हणते, ख्रिस्ती माणसाने दुसरा गाल पुढे करावा.
– एक वाचक, नंदानगर

उत्तर: वहिनींना प्रेषितांची कृत्ये, १६ वा अध्याय वाचायला द्या. फिलिप्पैत पौलाला आणि सीलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांचा निरोप आला की गुपचूप सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत. उघड मारलं आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी आले आणि विनवणी करून त्यांना बाहेर नेलं. गाल पुढे करण्याची शिकवण पौलाला ठाऊक नव्हती असं थोडंच आहे?

आधी १९१५ वर फोन करा. पुष्कळदा तेवढ्याने दुकानदार हलतो. नाही हलला तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. वकील करायलाच हवा असंही नाही. पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड लागेल. कच्च्या पावतीवर घेतला असेल, जीएसटी वाचवायला, तर दुकानदाराबरोबर तुमचीही चूक धरावी लागेल. तरीसुद्धा पैसे फोनवरून भरले असतील तर त्याची नोंद काढून जोडा.